एक ते नऊ आणि परत एक: सतरा अंकी डेमलो संख्येची ओळख

थंडीच्या दिवसांत कुवेतमधली बरीच मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी वफ्राला जातात. कुवेत शहरापासून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर, सौदी सीमेजवळ हा भाग आहे. १९५३ साली इथे तेल सापडले. त्याच वाळवंटात बोअरच्या पाण्यावर आणि हरितगृहांत टोमॅटो, काकडी, वांगी पिकतात, आणि ताजी भाजी घ्यायला लोक थेट शेतावर येतात. अशाच एका शुक्रवारी सहावीतली माझी मुलगी भाजीच्या किमतींची पाटी वाचत होती. पाटीवरचे अंक अरबी लिपीतले. तिने विचारले, "बाबा, यांचं लिखाण उजवीकडून डावीकडे जातं, मग आकडेसुद्धा उलटे वाचायचे का?"

तसे नसते. अरबी मजकूर उजवीकडून सुरू होतो. संख्येतले मोठे स्थान मात्र आपल्यासारखे डावीकडेच असते. अरबी भाषक त्या अंकांना 'हिंदी' अंक म्हणतात, कारण लिहिण्याची ही पद्धत भारतातून तिकडे गेली. नवव्या शतकात बगदादच्या अल ख्वारिझ्मी यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले.

हे सांगून झाल्यावर मी तिच्या चौकटीच्या वहीत एक संख्या लिहिली आणि म्हटले, "ही मात्र कुठल्याही बाजूने वाच."

१२३४५६७८९८७६५४३२१

डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, संख्या तीच. 'चिमा काय कामाची' हे वाक्य जसे उलटसुलट सारखेच, तसे हे संख्येतले विलोमपद. या एका संख्येत शिकण्यासारखे इतके आहे की तिच्यावर सविस्तर लिहावे असे वाटले. शिवाय या संख्येच्या कुळाला नाव दिले ते आपल्या एका मराठी शाळामास्तरांनी.

## ही संख्या केवढी?

अंक सतरा. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. एवढे सेकंद मोजायचे म्हटले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

रोजच्या व्यवहारात आपण कोटीपाशी थांबतो आणि पुढे 'लाख कोटी' म्हणतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त अठरा स्थानांना अठरा नावे आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येचा डावीकडचा पहिला एक सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानावर आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या यादीत आपली संख्या पूर्ण मावते आणि वर आणखी एक स्थान शिल्लक राहते.

## ती बनली कशी?

नऊ एक ओळीने लिहा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१.

हे का होते ते कागदावर दिसते. गुणाकार नेहमीच्या पद्धतीने मांडला की नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. मुलीने चौकटीच्या वहीत एका घरात एक अंक अशा ओळी लिहिल्या तेव्हा पानावर एक तिरका पट्टा तयार झाला. मग उभ्या रकान्यांची बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत मधल्या रकान्यात नऊ. त्यापुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा, आणि शेवटी पुन्हा एक. कुठल्याच रकान्यात बेरीज नऊच्या पुढे जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. सगळी किमया या एका गोष्टीत आहे.

दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून एक हातचा पुढच्या नवात जातो, तिथेही दहा होतात, तो हातचा आठात जाऊन नऊ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. म्हणजे दशमान पद्धतीत ही रचना नऊ एकांपर्यंतच टिकते, आणि आपली संख्या त्या मालिकेतली शेवटची, सर्वांत मोठी: १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी चढत ती इथे पोचते.

## 'डेमलो' हे नाव कुठून आले?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. वही, पेन्सिल आणि अंकांवरचे प्रेम ही त्यांची साधने. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते.

मुंबईपासून तीस मैलांवर त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर 'डेमलो' नावाचे स्टेशन होते, म्हणजे आजची डोंबिवली. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावा ही कल्पना कापरेकरांना त्या स्टेशनवर सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो संख्या म्हटले. १९४८ साली त्यांनी या विषयावर स्वतःच पुस्तकही प्रसिद्ध केले.

व्याख्या सोपी आहे. संख्येचे तीन भाग करा. पहिला आणि शेवटचा भाग मिळवल्यावर जो अंक मिळतो, मधला भाग त्याच अंकाचा बनलेला असला पाहिजे. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्ये दोन पाच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, मध्ये तीन सात.

आता आपली संख्या तपासू. मधला ९ बाजूला ठेवला की डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ उरतात. दोघांची बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊ, आणि मधला अंकही नऊ.

## हिचे अवयव कोणते?

एकापेक्षा मोठी असून जिला १ आणि स्वतःशिवाय दुसऱ्या कुठल्याही संख्येने निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या. एकापेक्षा मोठ्या बाकी सगळ्या संयुक्त. आपली संख्या १११११११११ चा वर्ग आहे, म्हणजे संयुक्त आहे हे उघडच आहे. खरा प्रश्न आहे तो ती कोणत्या मूळ संख्यांची बनली आहे हा.

त्यासाठी १११११११११ फोडायची. तिच्यात तीन-तीन एकांचे तीन गट आहेत, म्हणून ती १११ × १००१००१ अशी लिहिता येते. हा नियम सगळीकडे चालतो: एकांची संख्याच संयुक्त असेल, म्हणजे चार, सहा, नऊ, दहा वगैरे, तर त्या एकांनी बनलेली संख्याही संयुक्तच असते.

१११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. एकत्र केले की १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तिचा वर्ग म्हणजे आपली संख्या, तेव्हा तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा आहे. सतरा अंकांच्या पोटात मूळ संख्या फक्त तीन.

गुणून पाहण्याचा आनंद वेगळाच. ३३३६६७ ला ३७ ने गुणा: १२३४५६७९. त्याला ९ ने गुणा: नऊ एक. १८ ने गुणलेत तर नऊ दोन, ६३ ने गुणलेत तर नऊ सात. शाळेत असताना १२३४५६७९ ची ही गंमत अनेकांनी केली असेल. आपल्या संख्येला ८१ ने भागले की याच १२३४५६७९ चा वर्ग मिळतो.

## ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून?

इथे थोडे थांबायला हवे, कारण कष्ट वाचवण्याची खरी युक्ती इथेच आहे.

एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ च्या थोडे पुढे आहे, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. म्हणजे १०६ भागाकार.

पण आपल्याला या संख्येचे घराणे माहीत आहे. २ आणि ५ सोडून कुठल्याही मूळ संख्येने १ ला भागले की दशांश चिन्हापुढे अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. १ ला ७ ने भागले की १४२८५७ हा सहा अंकी गट, ३७ ने भागले की ०२७ हा तीन अंकी गट. गटातल्या अंकांच्या संख्येने 'त्या मूळ संख्येतून एक वजा' या संख्येला नेहमी निःशेष भाग जातो: ६ ने ६ ला, ३ ने ३६ ला.

आता जी मूळ संख्या नऊ एकांच्या संख्येला भागते, तिच्या गटाची लांबी १, ३ किंवा ९ च असू शकते. लांबी १ असते ती ३ ची, लांबी ३ असते ती ३७ ची. बाकी कुणीही असो, लांबी ९. म्हणून तिच्यातून १ वजा केल्यावर ९ ने भाग गेलाच पाहिजे, आणि ती विषम असल्याने १८ नेही.

३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, त्यामुळे ३ ने भाग जात नाही. ३७ ने भागले तर बाकी १ उरते. मग ५७७ पर्यंत तपासायला उरतात त्या १८ च्या पाढ्यातल्या संख्यांच्या एकाने पुढे असलेल्या मूळ संख्या: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा! एकशे सहा भागाकारांचे काम सोळांवर आले. १९ ने भागल्यावर बाकी ८, ७३ ने भागल्यावर ५७, असे करत शेवटी ५७७ ने भागल्यावर १६१. कुठेही शून्य बाकी नाही. ३३३६६७ मूळ आहे. १ ला तिने भागले की ०००००२९९७ हा नऊ अंकी गट मिळतो, म्हणजे घराण्याची खूणही जुळते.

## पंचेचाळीस विभाजक

अवयव कळले की विभाजक मोजणे सोपे. विभाजक बनवताना ३ एकही न घेणे किंवा एक ते चार वेळा घेणे, असे पाच पर्याय. ३७ चे तीन आणि ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५. स्वतःला सोडून सर्वांत मोठा विभाजक ४११५२२६३२९२१८१०७, म्हणजे संख्येचा तिसरा हिस्सा.

४५ ही विषम संख्या असण्याला कारण आहे. विभाजक जोडीने येतात: एक लहान, एक मोठा, दोघांचा गुणाकार दिलेल्या संख्येइतका. वर्गसंख्येत मात्र वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून एकूण मोजणी विषम होते. विभाजकांची मोजणी विषम येणे ही पूर्ण वर्गाची हमखास ओळख आहे.

विभाजकांच्या बेरजेवरूनही संख्येचा स्वभाव कळतो. ६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३ आणि बेरीज ६, म्हणून ती परिपूर्ण संख्या. १२ च्या विभाजकांची बेरीज १६, म्हणजे संख्येहून जास्त. आपल्या संख्येच्या, ती स्वतः सोडून, सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. तिच्यात २, ५, ७ असे लहान अवयव नाहीत, त्यामुळे मोठे विभाजक कमी. आकाराने अवाढव्य, पण विभाजकांच्या बाबतीत ती न्यून ठरते.

## कापरेकरांच्या आणखी तीन कसोट्या

कापरेकरांनी संख्यांचे कितीतरी प्रकार शोधले. त्यांतल्या तीन कसोट्या आपल्या संख्येला लावून पाहू.

हर्षद संख्या. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. आपल्या अंकांची बेरीज: एक ते आठ मिळून ३६, दोन्ही बाजूंचे ७२, मधले ९, एकूण ८१. आणि ८१ म्हणजे ३ चार वेळा गुणलेला, तो अवयवांत आहेच. तेव्हा ती हर्षद आहे.

देवळाली संख्या. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ पासून २४. पण काही संख्या अशा कुठल्याच संख्येपासून तयार होत नाहीत, उदाहरणार्थ २०. अशा स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचे नाव दिले. आपली संख्या स्वयंभू आहे का? १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या पाहा. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आपलीच संख्या येते. म्हणजे तिला जनक आहे, ती देवळाली संख्या नाही. सगळ्या शक्यता तपासल्या तर हा जनक एकुलता एक आहे हेही दिसते.

कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपल्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने गुणा. येते ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ नवांचा वर्ग आहे. त्याचे दोन भाग करून मिळवा: ९९९९९९९९८ आणि १ मिळून पुन्हा नऊ नव. आणि विभाजकांची मोजणी जी ४५ आली होती, तीही कापरेकर संख्याच.

## मोठी म्हणजे कठीण का?

१९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांची ओळख जगाला झाली. त्याच सदरात १९७७ च्या ऑगस्टमध्ये गार्डनर यांनी आणखी एका मोठ्या संयुक्त संख्येची गोष्ट सांगितली. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १२९ अंकांची एक संख्या दिली होती. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार होती आणि त्या दोन शोधणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस होते. उत्तर मिळायला १९९४ साल उजाडले. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले होते. याच जातीची २५० अंकी संख्या २०२० साली फुटली.

कुवेतहून घरी पैसे पाठवताना बँकेशी होणारी देवाणघेवाण गुप्त राखण्यात बराच काळ अशाच संख्यांचा आधार घेतला गेला आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे क्षणाचे काम, पण नुसता गुणाकार हाती देऊन त्या दोन ओळखायला सांगणे महाकठीण. नवल असे की संख्या मूळ आहे की संयुक्त एवढेच ठरवणे तुलनेने सोपे आहे. कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली त्याची खात्रीशीर आणि जलद रीत दिली. अवयव शोधून काढण्याची तशी जलद रीत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही.

आपली सतरा अंकी संख्या मात्र एका पानावर उलगडली. ती लहान आहे हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण तिची घडण आहे. ती कशी बनली हे कळले आणि त्या माहितीने एकशे सहा भागाकारांचे सोळा केले. गुप्ततेसाठी वापरायच्या संख्या मुद्दाम अशा निवडतात की त्यांची घडण बाहेरून दिसू नये. म्हणून मुलांना मी हेच सांगतो: मोठा आकडा दिसला की त्याचे अंक मोजत बसू नका, तो कशातून आला ते विचारा. कापरेकरांनी आयुष्यभर हेच विचारले.

## पुढचे पान

वफ्राहून परतताना मुलीने मागच्या सीटवर अकरा एक लिहिले. अकरा ही मूळ संख्या, त्यामुळे गट पाडण्याची युक्ती चालत नाही. "मग ही मूळ असेल?"

तसे असेलच असे नाही. नुसत्या एकांच्या संख्यांमध्ये मूळ निघते ती दोन एकांची ११, मग थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची. पुढची ३१७ एकांची आणि त्यानंतरची १०३१ एकांची. ही १०३१ एकांची संख्या मूळ आहे हे १९८६ साली सिद्ध झाले, ज्या वर्षी कापरेकर गेले.

अकरा एकांचे अवयव निघतात: २१६४९ आणि ५१३२३९. घरी आल्यावर तिने दोन्ही संख्यांतून एकेक वजा केला आणि २२ ने भागून पाहिले. ९८४ आणि २३३२९. दोन्हीकडे बाकी शून्य. नऊ एकांसाठी जी खूण १८ ची होती, ती अकरा एकांसाठी २२ ची. वहीत तिने त्या दोन शून्यांभोवती गोल केले आणि खाली तेरा एक लिहायला घेतले.